एकटीच्या प्रार्थनेतलं 'आमच्या'

प्रश्न

आजारपणामुळे बरेच महिने मला उपासनेला जाता आलं नाही. रोज रात्री दार लोटून घ्यायचं आणि पलंगावर बसूनच प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, म्हणायची, एवढंच चालू होतं. एका रात्री 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना 'आमच्या'पाशी अडखळले. खोलीत मी एकटी, मग हे 'आम्ही' कोण? 'माझ्या' म्हटलं तर चुकेल का? लहानपणापासून ऐकत आले की विश्वास ज्याचा त्याने धरायचा असतो, तो आईवडिलांकडून वारशात येत नाही. ते मला पटतंही. पण या प्रार्थनेत 'मी' एकदाही नाही. 'आमची रोजची भाकर', 'आम्हांला दे', सगळीकडे आम्हीच. कुणी मराठीच्या अंगाने उलगडून सांगाल का?

प्रतिसाद

'माझ्या'च्या आधी 'आपल्या'चा विचार करू. 'आपण' म्हटलं की ऐकणारा त्यात धरलेला असतो, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो. ग्रीकमध्ये हा भेद नाही, दोन्हींना 'हेमोन' हा एकच शब्द. मराठीत मात्र भाषांतरकाराला दोहोंतला एक निवडावाच लागतो. बायबलमधल्या, प्रेषित पौलाने मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत सुरुवातीच्या आशीर्वादात तोच शब्द 'देव आपला पिता' असा येतो, कारण तिथे ऐकणारे विश्वासातले बंधुभगिनी आहेत. प्रार्थनेत ऐकणारा खुद्द देव. त्याच्याशीच बोलताना 'आपल्या पित्या' कसं म्हणणार? म्हणून 'आमच्या'. हा शब्द देवाला समोर ठेवतो आणि बाकीच्या सगळ्या लेकरांना तुमच्या बाजूला आणून उभं करतो. मला तर ही निवड फार नेमकी वाटते.

आता तुमच्या लोटलेल्या दाराबद्दल. मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) ६ व्या अध्यायात आधी 'तू' आहे: तू प्रार्थना करशील तेव्हा खोलीत जा, दार लावून घे. खोलीसाठी मूळ शब्द 'तामेइओन', म्हणजे घरातली सामानसुमान ठेवायची आतली खोली. लूकच्या १२ व्या अध्यायात कावळ्यांना कोठार नसतं असं म्हटलंय, तिथेही हाच शब्द आहे. मग पुढच्याच वचनात 'तू'चं 'तुम्ही' होतं आणि त्यानंतर दोन वचनांनी 'आमच्या' येतं. दार एकट्याने लावायचं, आत बोलायचं मात्र सगळ्यांना बरोबर घेऊन. तुम्ही त्या रात्री तेच करत होतात.

'माझ्या' म्हटलंत तरी चूक नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने 'माझ्या बापा' अशीच हाक मारली. पण तेव्हाही तिघा शिष्यांना त्याने जवळ जागं राहायला सांगितलं होतं आणि ते झोपले याचं त्याला दुःख झालं, हेही विसरू नये.

प्रतिसाद

यात 'मंडळी' हा शब्द यायलाच हवा. 'चर्च' म्हटलं की इमारत डोळ्यांपुढे येते. 'मंडळी'त भिंती नाहीतच, नुसती माणसं: घरची मंडळी, मंडळी जेवायला बसली. मूळ 'एक्लेसिया' म्हणजे ग्रीक नगरातल्या नागरिकांची सभा. चार शुभवर्तमानांपैकी फक्त मत्तयात, १६ व्या आणि १८ व्या अध्यायांत, तो येतो. सभेला माणूस गैरहजर लागतो. घरची मंडळी परगावी असली तरी घरचीच राहतात. ताई, तुम्ही त्या महिन्यांत उपासनेला नव्हतात, मंडळीत होतात.

प्रतिसाद

आम्ही कॅथलिक 'ख्रिस्तसभा' म्हणतो. 'मंडळी' कुणाचीही असू शकते, 'ख्रिस्तसभा' कुणाची ते शब्दातच आहे. बाकी वरच्या मताशी सहमत.

प्रतिसाद

'विश्वास ज्याचा त्याने धरायचा' याबद्दल थोडं. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या ६ व्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहायला सांगितलंय आणि तीन वचनांनंतर प्रत्येकाने आपापला भार वाहायचा आहे असंही म्हटलंय. वाचताना विसंगती वाटते. ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. पहिला 'बारोस', दडपून टाकणारं वजन. दुसरा 'फोर्तियोन', ज्याच्या त्याच्या वाट्याचा माल. जहाजावरच्या मालालाही तोच शब्द. मराठीत 'ओझं' आणि 'भार' असा फरक ठेवला तो योग्यच, कारण ओझं दुसऱ्याला उतरवून घेता येतं. डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाला कुणीतरी हात लावतं ना, तसं. वाट्याला आलेला भार मात्र ज्याचा त्यालाच पेलावा लागतो. (मत्तय ११ मध्ये 'माझे ओझे हलके आहे' इथे मूळ शब्द 'फोर्तियोन' आहे, म्हणजे मराठीत हा फरक सगळीकडे पाळलेला नाही.)

माझ्या मते विश्वास हा भार आहे आणि आजारपण हे ओझं. मार्क २ मध्ये चौघेजण पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे छप्पर उसकटून खाट खाली सोडतात, आणि येशू 'त्यांचा' विश्वास पाहतो. त्या 'त्यांचा'मध्ये खाटेवरचा माणूस धरायचा की नाही, हे वचन सांगत नाही. मी धरतो. त्याने स्वतःला छपरावरून खाली सोडू दिलं, ते काही विश्वासाशिवाय नाही. तीन अध्यायांनी मार्क ५ मध्ये गर्दीतून येशूच्या वस्त्राला शिवायला एकटीच हात पुढे करणारी आजारी स्त्री भेटते. ती 'तुझ्या विश्वासाने' बरी झाली, असं तो तिला म्हणतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'ओझं' आणि 'भार' मी वहीत लिहून ठेवलंय. त्या महिन्यांत दर रविवारी दुपारी मंडळीतल्या एका बाईंचा फोन यायचा. फार बोलायच्या नाहीत. 'आज तुमचं नाव घेतलं' एवढंच सांगायच्या. प्रार्थनेत एखाद्याचं असं नाव घेणं, याला आणखी कुठला साधा शब्द आहे का? 'मध्यस्थी' माहीत आहे, पण त्या फोनला तो फार मोठा होतो.