राजस्थान, पण गर्दीबाहेरचा: कुठल्या महिन्यात कुठे गेलात? (अनुभव धागा)

राजस्थान म्हटलं की आपल्याकडे ठरलेलं असतं. दिवाळीची सुट्टी, जयपूर-जोधपूर-जैसलमेर, समच्या वाळूत तंबू, उंटावर बसून फोटो. यात वाईट काहीच नाही. फक्त त्याच आठवड्यात निम्मा महाराष्ट्र आणि अख्खा गुजरात तिथं हजर असतो, आणि उरलेला राजस्थान वर्षभर रिकामा पडून राहतो.

हे राज्य नुसतं वाळवंटही नाही. अरवली त्याला तिरकी छेदून जाते. पश्चिमेला मारवाड आणि थर; दक्षिणेला आणि आग्नेयेला मेवाड, वागड, हाडोती. तिकडे नद्या आहेत, जंगल आहे, मक्याची शेतं आहेत आणि चांगला पाऊसही पडतो. म्हणून या धाग्यावर एकच अट: जागा सांगाल तिथे महिनाही सांगा. हॉटेलांची नावं नकोत.

सुरुवात मीच करते. बुंदी, पावसाळ्यात. मुंबई-दिल्ली मार्गावर कोट्याला उतरायचं, पुढे बसने तासाभराचा रस्ता. राणीजी की बावडी १६९९ सालची, राणी नाथावतीजींनी बांधलेली. खांबांवर सोंडा वळवलेले दगडी हत्ती आहेत, ते बघत बघत पायऱ्या उतरत जायचं. गडाच्या अंगाची चित्रशाळा मात्र सकाळच्या उजेडातच पाहा, तिथल्या भिंतींवरचा हिरवा-निळा रंग तेव्हाच खरा दिसतो. कजली तीजेची मिरवणूक बघायची असेल तर एक लक्षात ठेवा. तिकडचा महिना पौर्णिमेनंतर लगेच बदलतो. त्यांची भादव्यातली वद्य तृतीया म्हणजे आपल्या कालनिर्णयात श्रावण वद्य तृतीया. आपल्या भाद्रपदाच्या हिशोबाने तिकीट काढलंत तर मिरवणूक होऊन गेलेली असेल.

तापीकाठचा

बांसवाडा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. रेल्वे नाही, रतलामला उतरून बस किंवा जीप. माही बजाज सागर धरणाच्या पाण्यात इतकी बेटं आहेत की गावाला सौ टापूंचं शहर म्हणतात. पाऊस चांगला झाला आणि धरणाचे दरवाजे उघडले की आसपासची सगळी गावं बघायला लोटतात, आपणही त्यांच्यात उभं राहायचं. खायला दाल-पानिया. मक्याच्या पिठाचा गोळा पळसाच्या पानात दाबून गोवऱ्यांवर भाजतात.

नंदुरबारकडच्या पाड्यांवर काही वर्षं काम केल्यामुळे मला तिथल्या भिल्ल लोकांची बोली बरीचशी कळत होती, त्यामुळे गप्पा झाल्या. त्यांनीच मानगढला पाठवलं. गुजरातच्या सीमेवरची ही टेकडी. १७ नोव्हेंबर १९१३ रोजी, भिल्लांमध्ये सुधारणेचं काम करणाऱ्या गोविंद गुरूंच्या अनुयायांचा मेळा इथं जमला होता आणि इंग्रजांच्या व संस्थानांच्या फौजांनी त्यावर गोळीबार केला. मेलेल्यांचा आकडा तिथले लोक दीड हजार सांगतात. शाळेत जालियनवाला शिकलो, त्याच्या सहा वर्षं आधीचं हे प्रकरण आपल्यापर्यंत आलंच नाही. राजस्थानात मला सगळ्यात जास्त वेळ थांबावंसं वाटलं ते इथं.

किल्लेवेडा

बुंदीला जाताय तर झालावाड जोडा की ताई! गागरोनचा किल्ला आहू आणि काली सिंध यांच्या संगमावर आहे, तीन बाजूंना पाणी. २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत चित्तोड, कुंभलगढ, आमेर यांच्याबरोबर हाही आला, तरी आम्ही गेलो तेव्हा वर पाच-सात माणसं होती. इथले राजे पीपाजी राज्य सोडून संत झाले, त्यांचं एक पद गुरु ग्रंथसाहिबातही आहे. खाली झालरापाटणचं सूर्यमंदिर चुकवू नका. जुलै ते सप्टेंबर.

पाखरू

फलोदीजवळचं खीचन. सप्टेंबरअखेरीस कुरजां यायला लागतात आणि मार्चपर्यंत असतात. मंगोलिया, मध्य आशियाकडून येणारे हे करकोचे. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागून पांढरा पिसांचा झुबका. गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी कुंपण घातलेलं चुग्गाघर बांधलंय. ज्वारी आधीच पसरून ठेवलेली असते.

उजाडायच्या आधी एखाद्या घराच्या गच्चीवर चढून बसायचं, विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. पहिल्यांदा फक्त आवाज येतो. मग लांब रांगा दिसतात. पण पाखरं लगेच उतरत नाहीत. घिरट्या घालतात, एखादा कुत्रा दिसला तरी पुन्हा वर जातात. पहिली तुकडी उतरून खायला लागली की मगच बाकीच्या, आणि नंतर इतकी दाटी होते की जमीन दिसत नाही. ऊन वर आलं की सगळे तळ्यांकडे. गावातल्या जैन कुटुंबांनी काही दशकांपूर्वी ही दाण्याची पद्धत लावली, आजही बराचसा खर्च देणग्यांतून निघतो. जून २०२५ मध्ये खीचन रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. मला आनंद झालाच, पण परिसरातल्या विजेच्या तारांना धडकून पक्षी मरतात, त्याचं आधी काहीतरी करायला हवं.

त्याच यादीत त्याच वेळी उदयपूरजवळचं मेनारही आलं. दोन तळी, मासेमारी बंद, पहारा गावाचाच. डिसेंबर-जानेवारी. होळीनंतरच्या जमरा बीजेला मात्र तिथं रात्रभर बंदुकांची दारू उडते. आवाजाचा त्रास असेल त्यांनी ती रात्र टाळावी.

सुट्टीग्रस्त

मुलांना सुट्टी मे महिन्यातच असते हो. फलोदी मे महिन्यात चालेल का?

पाखरू

पक्षी नसतात. शिवाय १९ मे २०१६ ला फलोदीत ५१ अंश नोंदले गेले होते. नका जाऊ.

नागौरची सून

सासर नागौर जिल्ह्यातलं, त्यामुळे मे-जून मला चुकत नाही. सगळेच नका म्हणतात म्हणून मी जरा बाजू घेते. पर्यटन म्हणून नको, पण कुणाच्या घरी राहणार असाल तर जा. खेजडीला (आपली शमी) सांगरी याच दिवसांत लागते. काटे चुकवत ओल्या शेंगा काढायच्या, उकडायच्या, वाळवायच्या. वर्षभराचा पंचकुटा (पाच वाळवणांची भाजी) इथून सुरू होतो: केर, सांगरी, कुमट, गुंदा, आमचूर. पुण्यात मिळणाऱ्या सांगरीचा भाव बघून पोटात गोळा येतो, पण ते काम एकदा केलं की घासाघीस करायची जीभ होत नाही.

दुपारी अकरानंतर गाव बंद. बाजरीची राब आणि छाछ. रात्री डागळ्यावर, म्हणजे गच्चीवर, खाटा टाकून झोपायचं. वाळू लवकर निवते, पहाटे चक्क पांघरूण लागतं. मेडत्याला मीरेचं गाव म्हणून भल्या सकाळी जाऊन यावं, तेव्हा गर्दी नसते.

माटुंगेकर

मी माटुंग्याच्या रुईया कॉलेजचा विद्यार्थी. कट्ट्यावर इतकी वर्षं काढली, पण रुईया हे कुठले हे कधी डोक्यात आलं नव्हतं. ते शेखावाटीतल्या रामगढचे. शेजारच्या पोद्दार कॉलेजवाले नवलगढचे, बिर्ला पिलानीचे, वर्ध्याचे जमनालाल बजाज सीकरजवळच्या काशी का बासचे. मुंबई-कलकत्त्याला मिळवलेला पैसा या मंडळींनी गावाकडे हवेल्यांच्या भिंतींवर लावला.

जयपूरहून सीकरमार्गे नवलगढ गाठायचं आणि तिथून फतेहपूर, रामगढ, मंडावा. ओल्या चुन्यावर काढलेली चित्रं: एका पट्ट्यात कृष्णलीला, खालच्या पट्ट्यात आगगाडी, फोनोग्राफ ऐकणारे साहेब, मोटार. बऱ्याच चिताऱ्यांनी आगगाडी नुसती ऐकली असावी, डबे घरांसारखे दिसतात. नवलगढची पोद्दार हवेली नीट राखलेली आहे, तिथं तिकीट आहे. इतर ठिकाणी चौकीदाराला चहापाण्याचे पैसे दिले की कुलूप उघडतं. मालक येत नाहीत, भावाभावांत वाटण्या अडल्यात, आणि कोरीव दारं काढून विकली जातात. रामगढला अशी उघडी भगदाडं बघून चिडचिड झाली.

महिना फाल्गुन. होळीच्या आधीच्या रात्री चौकात नगाऱ्याभोवती पुरुषांचा गींदड चालतो, हातात टिपऱ्या, कुणी साडी नेसून आलेलं. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत.

पाखरू

माटुंगेकर, तिथून चुरूकडे ताल छापर फार लांब नाही. काळवीट वर्षभर, थंडीत गवतात रात्री उतरणारे भोवत्या ससाणे. पण गवत हिरवं बघायचं तर सप्टेंबर.

पिट्टूवाला

कुणी गोरम घाट कसा लिहिला नाही? मारवाड जंक्शनहून खामलीघाटकडे अरवली चढणारी मीटरगेज गाडी, बोगदे, वळणं, श्रावणात दोन्हीकडे पाणी. मोठ्या काचांची हेरिटेज गाडीही २०२३ पासून धावते. मला साधी पॅसेंजर आवडली, खिडकीतून हात बाहेर काढता येतो आणि शेजारची बाई कणसं देते. रविवारी पाली, राजसमंदची पोरं डब्याच्या दारात लटकून येतात, तेव्हा मधला वार धरा. गाडीची वेळ निघायच्या आदल्या दिवशी स्टेशनवर विचारून घ्या, जोरात पाऊस झाला की घाटातली गाडी रद्द होते.