आधी फुकटचं ॲप वापरून बघा

सॅमसंगचा टॅब पेनासकट घेतलाय, मुलीच्या पीयूच्या (अकरावी-बारावीच्या) नोट्ससाठी पैसे भरून गुडनोट्स हे हातानं लिहायचं ॲप घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. आत्ताच नको. सॅमसंग नोट्स त्यात आलेलंच आहे, महिनाभर त्यावर लिहू दे तिला.

मी बेळगावजवळच्या खानापुरात शिकवण्या घेतो. आमच्या पोरांच्या एकाच पानावर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही असतात. पेनानं लिहिताना कीबोर्ड बदलत बसावं लागत नाही, हे केवढं सुख!

कुठलंही ॲप घ्या, आधी 'बेळगाव' लिहून वरची रेघ ओढून बघा. शिरोरेखेला हात आडवा सरकतो, तळवा काचेवर घासतो. कच्चं ॲप असेल तर नेमकी तिथंच भलती रेघ उमटते. कन्नडच्या गोल अक्षरांत हे लवकर कळत नाही.

पानाला कडा आहेत का तेही बघा. मी आधी वापरायचो त्या ॲपचं पान कुठवरही पसरायचं. झेरॉक्सवाल्यानं प्रिंट काढली तर आकृतीतलं भिंग एका कागदावर आणि किरण दुसऱ्यावर! पोरं हसली.

हाताचं मराठी टाइपात हवं असेल तर जीबोर्डचा, म्हणजे गूगलच्या कीबोर्ड ॲपचा, हस्तलेखन कीबोर्ड चालतो.

आणि दर रविवारी पीडीएफ काढून ठेवायला सांगा. ॲपवाले कधी नियम बदलतील सांगता येत नाही. नोटॅबिलिटी या नोट्सच्याच ॲपवाल्यांनी २०२१ मध्ये विकत दिलेलं ॲप वर्गणीवर नेलं होतं. ओरडा झाल्यावर जुन्या गिऱ्हाइकांपुरतं मागं घेतलं म्हणा.