पेशीचं नशीब घराण्यात की शेजारात?

गोदाकाठी: रविवारी कॉलेज रोडवरच्या एका व्याख्यानात वक्ते ठासून म्हणाले, "गर्भाच्या दोन पेशी झाल्या की कुठली काय होणार ते ठरलेलंच असतं." मला साफ अमान्य. 1959 मध्ये पोलिश जीवशास्त्रज्ञ तार्कोव्स्कींनी उंदराच्या दोन पेशींच्या गर्भातली एक सुईने मारली. उरलेल्या एकीपासून अख्खा उंदीर जन्मला. ठरलेलं असतं तर अर्धाच निघायला हवा होता! पुढे ज्या पेशी बाहेरच्या बाजूला राहतात त्या बाळाला पोसणाऱ्या वारेकडे जातात, आत सापडतात त्यांच्यातून पिल्लू घडतं. जागा ठरवते, घराणं (कुठल्या पेशीची लेक ते) नाही.

वक्त्यांनी बहुधा सूत्रकृमीचा नियम उंदराला चिकटवला. त्या किड्याच्या 959 पेशींची वंशावळ शास्त्रज्ञ सल्स्टन आणि मंडळींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मांडली, आणि ती जवळपास प्रत्येक किड्यात तीच असते.

स्लाइडवाली: दादा, तार्कोव्स्कींनी दाखवलं ते इतकंच, की एकटी पडली तर पेशी सगळं निभावते. जोडीदारीण जिवंत असताना ती काय करते, हा प्रश्न वेगळा. पेशी विभागताना डीएनएत एखादी चूक राहून जाते आणि पुढच्या सगळ्या लेकी-नातींत उतरते. माणसांच्या रक्तातल्या अशा चुका मागे मागे नेल्या, तर पहिल्या दोन पेशींचा वाटा निम्मा-निम्मा नाही, सरासरी 2:1 निघाला (2017). कल असतो, एवढं तरी माना.

गोदाकाठी: कल कसला? बाळ घडवायला आत मोजक्याच पेशी जातात. त्यांत कुणाच्या लेकी जास्त आल्या, यावरही तो आकडा येऊ शकतो. निव्वळ चिठ्ठ्या.

दिंडोरीचा बागायतदार: मी यात नवखा, पण द्राक्षाच्या खरड (एप्रिल) छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, जे घडतं ते रोजचं आहे. तोच कोंब घड होतो नाहीतर बाळी (आधाराला गुंडाळणारा तणावा). ऊन, पाणी, संजीवकं यांवर सगळं. ऑक्टोबर छाटणीआधी काड्या तपासायला देतो, लॅबवाला डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली घड दाखवतो. ढगाळ जून गेला की नुसत्या बाळ्या. माझं मत गोदाकाठींना.

स्लाइडवाली: भाऊ, झाडाच्या पेशी भिंतीत चिणलेल्या, जागा सोडत नाहीत. प्राण्यांच्या गर्भात पेशी हिंडतात. पाठीकडच्या चेतानलिकेच्या काठावरून निघालेल्या काही पेशी कातडीत जाऊन रंगपेशी होतात, काही आतड्यात चेतापेशी. मग जागा कुठली धरायची, निघाली तिथली, वाटेतली की मुक्कामाची? म्हणून तर उंदरात टॅमॉक्सिफेन हे औषध देऊन ठरावीक वेळी ठरावीक पेशींत रंगाचं जनुक कायमचं चालू करतात. खूण नसेल तर माग लागतच नाही.

गोदाकाठी: खूण सांगते कुठून आली. का तशी झाली, ते नाही. त्यासाठी पेशी उचलून दुसरीकडे बसवावी लागते, आणि ते करून झालंय. 16 पेशींच्या गर्भातल्या फक्त बाहेरच्या पेशी एकत्र केल्या तरी त्यांच्यापासून उंदीर जन्मले. 32 पेशींच्या टप्प्यावर मात्र बाहेरच्यांना ते जमलं नाही.

स्लाइडवाली: म्हणजे 32 ला ठरलेलं असतं, हे तुम्हीच कबूल केलंत. आता भांडण फक्त किती लवकर, एवढंच.