मदत हवी आहे: भाजी खुडणाऱ्या बायकांच्या पायाची खाज आणि जंतांची तपासणी

नमस्कार मंडळी, पुण्याजवळ मांजरी गावाच्या पुढे मुळा-मुठेकाठी आमची थोडी जमीन आहे, पालक मेथी कोथिंबीर असते, पाणी नदीचंच म्हणजे पुण्याचं सांडपाणी मिसळलेलं, बोअर आहे पण पुरत नाही. खुडायला येणाऱ्या मावश्या दिवसभर अनवाणी चिखलात. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलवटलीय, रात्रभर खाजवतात, काहींना बांधावरून चालतानाही धाप लागते. त्या म्हणतात उष्णता आहे, हळद-खोबरेल लावलं की जाईल. पाण्याचा विषय काढला की "याच पाण्यावर आमची पोरं मोठी झाली".

गमबूट आणून दिले, गाळात रुततात म्हणून बांधावरच राहतात. मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. फवारणी गडी करतात आणि त्या दिवशी खुडणी नसते, म्हणून औषधाचा त्रास वाटत नाही, मला शंका हुकवर्म या जंताची येतेय, तो अनवाणी पायातून शिरतो आणि पोटात राहून रक्त कमी करतो ना.

शाळा-अंगणवाडीत जंताच्या गोळ्या मिळतात पण त्या 1 ते 19 वयाला, या सगळ्या तिशी-चाळिशीच्या, त्यात एक गरोदर आहे त्यामुळे स्वतःच्या मनाने गोळी द्यायची नाहीये. दवाखान्याच्या दिवसाची हजेरी मी देणार, रोज बुडणार नाही.

तर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठ्या माणसांची शौच तपासणी आणि हिमोग्लोबिन होतं का? आणि गाळात न रुतणारं, बसून खुडता येईल असं पायात काय वापरता तुम्ही?