थंडीत दिव्याखालची टोमॅटोची रोपे लांबट का होतात?

प्रश्न (मुलुंड)
नमस्कार. आमच्या खिडक्या उत्तरेला, समोरच्या इमारतीकडे उघडतात. नोव्हेंबरच्या अखेरीस कोकोपीटच्या ट्रेमध्ये टोमॅटो आणि ढोबळी मिरचीचे बी पेरून वर दोन फुटांवर २० वॉटची पांढरी एलईडी ट्यूब लावली. टोमॅटो उगवले, परंतु रोपे बारीक देठाची होऊन कलंडत आहेत. मिरची अद्याप उगवलेली नाही. पहाटे गारवा असतो, तेव्हा उबेसाठी पिवळा बल्ब लावावा काय?

उत्तर (दादर)
बल्ब लावू नये. मुंबईत डिसेंबरातही दुपारी ३० अंशांच्या आसपास तापमान असते आणि पहाटेचा गारवा टोमॅटोला सोसतो. आपल्या रोपांना कमी पडतो आहे तो उजेड. अपुऱ्या उजेडात ऊब वाढवली, तर रोप अधिकच वेगाने उंच होते आणि देठ आणखी नाजूक राहतो. ट्यूब शेंड्यांपासून ६ ते ८ इंचांवर आणावी, रोपे वाढतील तशी वर घेता येईल अशा साखळीने टांगावी आणि रोज १४ ते १६ तास चालू ठेवावी. रात्री अंधार हवाच, कारण अखंड उजेडात टोमॅटोची पाने पिवळी पडतात. १६ तासांना वीज जेमतेम ०.३२ युनिट लागते, त्यामुळे त्यात काटकसर करू नये. लांबलेली रोपे कृपया टाकून देऊ नका. बीजपत्रांनंतर (बी उगवताना निघणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतर) दोन-तीन खरी पाने आल्यावर ती रोपे बीजपत्रांपर्यंत खोल लावली, तर मातीत गेलेल्या देठालाही मुळे फुटतात.

उत्तर (गिरगाव)
वरील मताशी सहमत आहे. मात्र मिरचीचे वेगळे आहे. तिच्या बियांना उगवण्यासाठी २५ ते ३० अंशांची ऊब लागते, उजेड नव्हे. तो ट्रे निराळा करून स्वयंपाकघरातील उबदार जागी झाकून ठेवावा आणि पहिला कोंब दिसताच ट्यूबखाली आणावा.

कलंडलेल्या रोपांचे देठ मातीलगत पाहिलेत का? तेथे देठ काळपट, पिचलेला असेल, तर ती बुरशीमुळे होणारी मर आहे आणि केवळ उजेडाने ती थांबणार नाही. अशी रोपे काढून टाकावीत, पाणी ट्रेखालून द्यावे आणि वरचा थर सुकू द्यावा.

प्रश्नकर्ता
देठ हिरवेच आहेत. ट्यूब खाली घेतली आहे. पुढे रोपे गच्चीवर थेट नेता येतील काय?

उत्तर (दादर)
थेट नेऊ नयेत, पाने करपतील. पहिल्या दिवशी सकाळचे कोवळे ऊन तासभर द्यावे आणि आठवडाभरात वेळ वाढवत न्यावा.