शॅम्पेन फ्रेंचांची, मग मिरवली कोणी?

लंडनवासी: 'शॅम्पेन बनवली फ्रेंचांनी, इंग्रजांनी नुसती बिलं भरली' ही परवाची पोस्ट वाचून डोकं फिरलंय, म्हणून वेगळा धागा. 'मी तारे पितोय' हे शॅम्पेनचा जनक म्हणवल्या जाणाऱ्या फ्रेंच साधू दोम पेरिन्योंच्या तोंडी घातलं ते जाहिरातवाल्यांनी, तो जाऊन दीडेकशे वर्षं झाल्यावर. बिचारा साधू उलट वाइनीत बुडबुडे येऊ नयेत म्हणून धडपडत होता. तो ओव्हिलेरच्या मठात आला १६६८ मध्ये. डिसेंबर १६६२ मध्येच इंग्रज डॉक्टर क्रिस्टोफर मेरेट लंडनच्या रॉयल सोसायटीत (विज्ञानाची संस्था) सांगत होता की इथले वाइनवाले साखर आणि काकवी घालून वाइनीला फेस आणतात. बाटलीचंही तेच. जहाजांना लाकूड पुरावं म्हणून १६१५ मध्ये जेम्स राजाने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. दगडी कोळशावरची काच टणक निघाली. फ्रेंच बाटल्या बुडबुड्यांच्या दाबानं तळघरातच फुटायच्या.

बोलघेवडा: ती पोस्ट माझीच. साहेब, काकवी घालणं म्हणजे शोध? मग आमच्या आज्जीलाही रॉयल सोसायटीत घ्या. आणि इंग्लंडच्या चार्ल्स दुसऱ्याच्या दरबारात शॅम्पेनचं वेड लावणारा सेंट एव्हरमॉन्ड कोण होता? पळून आलेला फ्रेंच! शिवाय त्याची वाइन बहुतेक बिनबुडबुड्याचीच. चार सरदार प्यायले म्हणजे फॅशन होत नाही. फॅशन केली १८६० च्या फ्रान्सबरोबरच्या करारानं. अर्थमंत्री ग्लॅडस्टननं वाइनवरची जकात गॅलनमागे पाच शिलिंगांहून जास्त होती ती तीनवर आणली, पुढे हलक्या वाइनला एकच शिलिंग. किराणावाल्यालाही परवाना काढून सुटी बाटली विकता यायला लागली. थोडक्यात, बिलं भरली. मी वेगळं काय म्हणालो होतो?

लेस्टरची_सून: दोघंही चुकताय असं वाटतं. शिकत असताना मी लग्नाच्या हॉलात वेटरचं काम केलंय. शॅम्पेनच्या बुचावरच्या तारेचे सहा अर्धे फेरे सोडायचे, बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, 'फट्' झालं की मॅनेजर डोळे वटारणार. ब्रूत (म्हणजे जवळजवळ बिनसाखरेची, 'ड्राय' शॅम्पेन) दिली की निम्मे पाहुणे तोंड वाकडं करायचे आणि गुपचूप लेमोनेड मागवायचे. पण सगळ्यांसमोर 'वा, छान ड्राय आहे!' मला वाटतं मिरवणं तिथंच आहे. गोड पोर्ट नि शेरी इंग्रजांकडे होतीच, जेवणाबरोबर कोरडं काही हवं होतं. १८४६ ची पेरिए-जुए कंपनीची बिनसाखरेची शॅम्पेन लंडनमध्ये चालली नाही, १८७४ ची पोमरी कंपनीची तशीच कोरडी मात्र डोक्यावर घेतली. आंबट आवडतं म्हणायला शिकले, तेच मोठे झाले!

बोलघेवडा: ताई, मुद्दा पटला. (एवढंच. लगेच स्क्रीनशॉट नको.)

जुन्नरी: कुठलं ब्रूत आणि कुठलं काय! ऐंशीच्या दशकात आमच्या नारायणगावची 'ओमर खय्याम' नावाची फेसाळ वाइन इंग्लंडात विकली जायची. त्या शॅम्पेनबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

लंडनवासी: ती शॅम्पेन नव्हे, शॅम्पेन म्हणजे फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातलीच. स्पेनवाल्यांनी हेच नाव लावलं तेव्हा लंडनच्या कोर्टानं त्यांनाही नको म्हणून सांगितलं.

जुन्नरी: झालं! हापूस म्हटलं की देवगडचा का रत्नागिरीचा यावर तीनशे प्रतिसाद, आणि आमच्या मातीतल्या द्राक्षांना नावसुद्धा नाही? शॅम्पेनच्याच पद्धतीनं, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली होती ती. माझ्या मामांनी स्वतः पाहिलंय.

लंडनवासी: मामा म्हणजे पुरावा नाही हो. आणि हापूसचं उदाहरण तुमच्याच अंगाशी येतंय. देवगडबाहेरच्या आंब्याला देवगडचा म्हटलेलं चालेल का?

जुन्नरी: लंडनात बसून आम्हाला शिकवू नका!

लेस्टरची_सून: धागा ब्रिटनचा होता ना?

बोलघेवडा: आता हापूसचा आहे.

जुन्नरी: बरं बाबा, शॅम्पेन नाही म्हणत. 'फेसाळ द्राक्षासव' म्हणतो, खूश?

लंडनवासी: खूश. मामांकडे एखादी शिल्लक आहे का?

जुन्नरी: आहे. रिकामी. मामी तीत फिनेल भरून ठेवतात.