मदत हवी आहे: भाजल्याच्या वणाखाली सूज
आईच्या पोटरीवर भाजल्याचा मोठा आडवा वण आहे. जखम कधीच भरली, पण वणाखाली घोट्यापर्यंत सूज राहते. संध्याकाळी बोटाने दाबलं की खळगा पडतो. डॉपलर (पायातला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) नॉर्मल, रक्ताची गुठळी नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, पायातल्या लसिकावाहिन्या (लिम्फ, म्हणजे कातडीखालचं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) खालून वर जांघेकडे जातात, आडवा वण त्यांची वाट अडवतो आणि त्या घट्ट कातडीतून त्या पुन्हा नीट वाढत नाहीत. पटतं, कारण वणाच्या वर सूज अजिबात नाही. शेजारच्या काकू तेल लावून जोरात रगडा म्हणतात, त्याची मला भीती वाटते. लिम्फसाठीचा मसाज अगदी हलक्या हाताने, कातडी जेमतेम सरकेल इतकाच करतात ना? सुरुवात जांघेकडून करायची की थेट वणावर? दाबाचे मोजे कोणी वापरलेत का?